एकच कोळी, अख्खा सीझन: नाशिकमध्ये राहून कोळ्याच्या एखाद्या जातीचा अभ्यास कसा करायचा

पावसाळा सरत आला की नाशिकच्या आजूबाजूला कुठेही जा, मखमलाबादकडचे बांध असोत, गंगापूर धरणाच्या काठची झुडपं असोत नाहीतर पांडवलेणीच्या पायथ्याचं गवत, कोळ्यांची जाळी पावलोपावली दिसतात. मग फोटो निघतो, ग्रुपवर पडतो, "कोणता कोळी आहे हा?", कोणीतरी नाव टाकतं, चार जण अंगठा देतात आणि विषय तिथंच थांबतो. मला या थांबण्याचं खरंच वाईट वाटतं, कारण नाव कळल्यावर तर काम चालू होतं. तो काय खातो, जाळं कधी विणतो, फवारणी झालेल्या बागेत दिसतो की शेजारच्या मेहंदीच्या कुंपणातच राहतो, हे तुमच्या गावापुरतं कुठल्याच ॲपमध्ये लिहिलेलं नसतं, तिथं जाऊन उभं राहावं लागतं.

ज्यांना एका जातीचा नीट अभ्यास करायचाय, मग तो बीएस्सीचा प्रोजेक्ट असो, शाळेतल्या मुलांचा उपक्रम असो की स्वतःची हौस, त्यांच्यासाठी हे सगळं लिहितोय. महागडं काही लागत नाही. एकच जात घ्या, एकच जागा घ्या आणि अख्खा सीझन तिथं जात राहा, हे या लेखात परत परत येणार आहे कारण बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे.

आधी वहीचं बोलू

वहीच्या पानावर तीन रकाने पाडा. पहिल्यात "पाहिलं", दुसऱ्यात "वाचलं", तिसऱ्यात "वाटलं". स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं ते पहिल्यात, पुस्तकात किंवा नेटवर सापडलं ते दुसऱ्यात, आणि तुमचा अंदाज तिसऱ्यात. उदाहरणार्थ "मादी जाळ्याच्या मध्यावर डोकं खाली करून बसली आहे" हे पाहिलं. "ती भक्ष्याची वाट बघतेय" हे वाटलं. दोन्हीत फरक फार मोठा आहे आणि घाईत लिहिताना नेमका तोच पुसला जातो, मग सहा महिन्यांनी वही उघडली की आपण खरंच काय बघितलं होतं आणि काय नंतर मनानं भरलं हे आपल्यालाच सांगता येत नाही. पेन्सिलनं लिहा, पावसात शाई पसरते. मोबाईलवर टाईप करायची सवय असेल तर चालेल पण रकाने तेच ठेवा.

जात कशी निवडायची

दुर्मिळ काहीतरी शोधायच्या मागे लागू नका. जी जात तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, जी दिवसा दिसते, जी एका जागी थांबते आणि जी लांबून ओळखू येते ती निवडा. या चारही अटीत बसणारी, नाशिकमध्ये सहज सापडणारी म्हणजे सिग्नेचर स्पायडर, म्हणजे अर्जिओपी वंशातले कोळी. जाळ्याच्या मध्याशी पांढऱ्या जाड धाग्याची नागमोडी नक्षी काढतात आणि आठ पाय दोन-दोन जोडून फुलीसारखे पसरून बसतात, एकदा बघितलं की विसरता येत नाही. पुढं सगळी उदाहरणं मी यातल्याच अर्जिओपी अनासुजा या जातीची देणार आहे, पद्धत मात्र कुठल्याही कोळ्याला लागू होते.

तुमच्या भागाप्रमाणे दुसरे पर्यायही आहेत. सिन्नर-येवल्याकडच्या कोरड्या माळरानावर बाभळी-बोरीच्या फांद्यांवर मळकट स्पंजासारखी घरटी दिसतात, त्यात एकत्र कुटुंबानं राहणारे स्टेगोडायफस सारासिनोरम असतात, कोळ्यांमध्ये असं एकत्र राहणं फार कमी जातींत आढळतं त्यामुळे वागणुकीचा अभ्यास करायला सुंदर विषय आहे. इगतपुरी-त्र्यंबककडे पाऊस जास्त, तिथं जंगलाच्या कडेला नेफिला पिलिपेस, म्हणजे जायंट वूड स्पायडर, त्याची सोनेरी झाक असलेली भलीमोठी जाळी. झाडाच्या सालीवर हर्सिलिया, शेपटीसारखे दोन लांब अवयव असलेला, सालीच्या रंगात इतका मिसळतो की हलल्याशिवाय दिसतच नाही. आणि ज्यांना घराबाहेर पडणं जमत नाही त्यांच्यासाठी घराच्या कोपऱ्यातला लांब पायांचा क्रॉसोप्रिझा लायोनी आहेच, फक्त दसऱ्याच्या साफसफाईआधी घरच्यांना सांगून एक कोपरा राखून ठेवा.

घरी बसून करायचं वाचन

पहिलं काम, नाव तपासणं. वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग ही स्वित्झर्लंडच्या बर्न शहरातल्या म्युझियमकडून चालवली जाणारी वेबसाइट आहे, जगातल्या प्रत्येक मान्य कोळ्याचं नाव तिथं असतं, २०२२ मध्ये या यादीनं ५०,००० जातींचा टप्पा ओलांडला. तिथं जातीचं नाव टाका, पहिल्यांदा वर्णन कोणी केलं, कुठल्या वर्षी, पुढं नाव बदललं का, नराचं वर्णन झालंय की फक्त मादीचं, कुठल्या देशांतून नोंद आहे हे सगळं एका पानावर मिळतं. आपल्या अनासुजाचं वर्णन थोरेल या स्वीडिश अभ्यासकानं १८८७ मध्ये केलं. जुनी नावं आवर्जून लिहून घ्या, कारण जुन्या लेखांत तुमची जात दुसऱ्याच नावानं असू शकते आणि नवं नाव टाकून शोधलं तर ते लेख सापडतच नाहीत. (प्राण्यांची शास्त्रीय नावं १७५८ पासूनची धरतात, कोळ्यांना मात्र क्लर्क या स्वीडिश अभ्यासकाच्या १७५७ च्या पुस्तकामुळे एका वर्षाची खास सूट आहे, हे मला फार आवडतं.)

भारतातल्या कोळ्यांसाठी बी. के. टिकादर या कोळी-अभ्यासकांचं काम बघितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. भारतीय प्राणी सर्वेक्षणानं १९८० आणि १९८२ मध्ये त्यांचे खंड काढले, त्यातल्या १९८२ च्या खंडात गोल जाळं विणणाऱ्या कोळ्यांचं कुळ आहे, चित्रांसकट. त्यातली काही नावं आता बदललीत, त्यामुळे चित्रं आणि मापं तिथून घ्या, नाव कॅटलॉगवरून पडताळा. १९व्या शतकातले मूळ लेख बघायचे असतील तर बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट मिळतात, भाषा लॅटिन किंवा इटालियन निघाली तरी घाबरू नका, चित्रं वाचायला भाषा लागत नाही.

गुगलवरच्या फोटोंवर मात्र विसंबू नका. चुकीचं नाव लागलेला एक फोटो शंभर ठिकाणी कॉपी होतो आणि शंभरदा दिसला म्हणून खरा वाटायला लागतो, त्यात आता कॉम्प्युटरनं तयार केलेली चित्रंही मिसळलीत, पाय मोजा, कधीकधी सात किंवा नऊ निघतात. फोटोच हवे असतील तर आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या लोकांनी निसर्गनोंदी टाकायच्या साइट्सवर बघा, तिथं निदान फोटो कुठं, कधी काढला हे असतं आणि नाव कोणी सुचवलं हेही दिसतं. आयनॅचरलिस्टवर "रिसर्च ग्रेड" लिहिलंय म्हणजे ते तज्ज्ञानं तपासलंच असं समजू नका, नाव सुचवणाऱ्यांपैकी दोनतृतीयांशांहून जास्त लोकांचं एकमत झालं एवढाच त्याचा अर्थ, ते दोघंच असू शकतात आणि दोघांनीही ॲपनं सुचवलेलं नावच दाबलेलं असू शकतं.

सोबत काय घ्यायचं

१० पट मोठं दाखवणारं भिंग, १५ सेंटिमीटरची पट्टी, शिंप्याचा टेप, हेडटॉर्च, मोबाईलला लावायची मॅक्रो क्लिप, झाकण असलेली पारदर्शक डबी, पाण्याची फवारा-बाटली, काळं कापड आणि एक जुनी छत्री. काळं कापड जाळ्यामागे धरलं की धागे फोटोत उठून दिसतात. पाण्याचा अगदी बारीक फवारा लांबून मारला की जाळ्याची सगळी भूमिती दिसते. काही जण पिठाची पूड भुरभुरवतात, तसं करू नका, गोल जाळं विणणारे बरेच कोळी जुनं जाळं खाऊन टाकतात आणि पुडीनं चिकट धागा वायाही जातो. छत्री उलटी करून झुडपाखाली धरायची आणि वरची फांदी काठीनं हळू हलवायची, जाळं न विणणारे कितीतरी कोळी आत पडतात, बघून झालं की परत त्याच झुडपावर सोडायचे.

पायरी पहिली: दिसणं

सुरुवात रंगापासून करू नका. रंग वयाप्रमाणे, खाण्याप्रमाणे, उजेडाप्रमाणे बदलतो. आधी रचना बघा. कोळ्याचं शरीर दोन भागांचं, पुढचा शिरोवक्ष ज्याला आठ पाय जोडलेले असतात आणि मागचं पोट. पोटाच्या टोकाला स्पिनरेट, म्हणजे धागा सोडणारे अवयव. तोंडाजवळ पायासारखे दिसणारे दोन छोटे पाल्प.

मग डोळे. बहुतेक कोळ्यांना आठ असतात, काहींना सहा, आणि त्यांची मांडणी कुळ ओळखायला सगळ्यात कामाची. समोर दोन मोठ्ठे गोल डोळे म्हणजे उड्या मारणारा कोळी. खाली चार बारीक एका ओळीत, त्यावर दोन मोठे आणि मागे दोन मध्यम म्हणजे लांडगा कोळी, रात्री डोक्याला टॉर्च लावून गवतात बघा, यांचे डोळे चमकतात. सहा डोळे षटकोनात आणि पायांवर उभे काटे म्हणजे लिंक्स कोळी. आपल्या अर्जिओपीचे डोळे बारीक असतात, नजर कमजोर, त्याचं जग जाळ्याच्या थरथरीवर चालतं, हे पुढं वागणूक बघताना लक्षात ठेवा.

अनासुजाची मादी साधारण ८ ते १२ मिलिमीटर, पाय सोडून. शिरोवक्षावर चंदेरी बारीक केस. पोट वरून पाचकोनी धाटणीचं, त्यावर पिवळे, पांढरे, तपकिरी आडवे पट्टे. नर फारच लहान, ४ मिलिमीटरच्या आसपास, फिकट, दिसायला इतका वेगळा की नवख्या माणसाला ती दुसरीच जात वाटते. तो बहुतेकदा मादीच्या जाळ्याच्या कडेला बसलेला असतो, म्हणून मादी सापडली की कडेचे धागे भिंगानं बघायचेच.

प्रत्येक कोळ्याचे किमान पाच फोटो घ्या: वरून, पोटाच्या खालून, समोरून डोळ्यांचा, बाजूनं, आणि जाळ्यासकट आजूबाजूचं झाड दिसेल असा लांबून. एखाद्या फोटोत पट्टी धरा, पण कोळी ज्या पातळीत आहे त्याच पातळीत, मागे धरली तर माप चुकतं. पोटाखालचा फोटो बहुतेक जण विसरतात आणि नेमका तोच सगळ्यात मोलाचा असतो. वयात आलेल्या मादीच्या पोटाखाली, पुढच्या बाजूला, एक कडक गडद भाग असतो, एपिगाइन, आणि जवळच्या जातींमधला फरक बरेचदा तिथंच असतो. नरात तेच काम फुगलेले पाल्प करतात. अर्जिओपी अनासुजा आणि अर्जिओपी पुल्केला या दोन जाती वरून बघून इतक्या सारख्या वाटतात की फक्त पाठीच्या फोटोवरून ठाम नाव द्यायचं धाडस करू नये. पिल्लांचं तर विचारूच नका, शेवटची कात टाकेपर्यंत हे अवयव तयारच झालेले नसतात. अशा वेळी वहीत "अर्जिओपी, जात नक्की नाही" लिहा. ही नोंद पूर्ण प्रामाणिक आहे आणि पुढं कोणाच्याही उपयोगाला येते, चुकीचं पूर्ण नाव मात्र सगळा डेटा खराब करतं.

पायरी दुसरी: वागणूक

इथं वेळ द्या, कारण खरं सोनं इथंच आहे.

आधी दोन-तीन सकाळी नुसतं बसून बघा आणि कोळी काय काय करतो त्याची यादी करा, प्रत्येक कृतीला एक अक्षर द्या. माझ्या वहीत ब म्हणजे मध्यावर स्थिर बसलेली, वि म्हणजे विणतेय, गु म्हणजे भक्ष्य धाग्यात गुंडाळतेय, चा म्हणजे चावली, खा म्हणजे खातेय, ह म्हणजे जाळं जोरात हलवतेय, प म्हणजे जाळ्याच्या दुसऱ्या बाजूला पळाली, खाली म्हणजे धागा धरून खाली सुटली. यादी कृतीची करा, हेतूची नाही. "घाबरली" असं अक्षर ठेवू नका, "जाळं हलवलं" ठेवा.

मग दोन पद्धती वापरा. एकीत एकच मादी निवडून अर्धा तास तिच्यावरून नजर हलवायची नाही आणि प्रत्येक कृती वेळेसकट लिहायची. दुसरीत कुंपणावरच्या सगळ्या माद्या दर दहा मिनिटांनी एका फेरीत बघायच्या आणि त्या क्षणी कोण काय करतेय तेवढंच एक अक्षर लिहायचं. पहिल्या पद्धतीनं शिकारीसारख्या झटपट गोष्टी पकडता येतात, दुसरीनं दिवसातला किती वेळ कशात जातो ते कळतं. प्राण्यांच्या वर्तनाची नोंद घेताना या पद्धती का वेगळ्या ठेवायच्या हे जीन अल्टमन यांनी १९७४ मध्ये सविस्तर मांडलं, माकडांपासून मुंग्यांपर्यंत सगळीकडे तेच वापरतात. जे दिसलं तेवढंच आठवेल तसं लिहिलं तर फक्त नाट्यमय प्रसंग वहीत येतात आणि कोळी दिवसभर शिकारच करतो असं वाटायला लागतं, प्रत्यक्षात तो तासन्‌तास नुसता बसलेला असतो आणि तो बसलेला वेळही डेटाच आहे.

उभं राहताना किमान एक मीटर लांब, तुमची सावली जाळ्यावर पडू देऊ नका, तोंडानं जाळ्यावर श्वास सोडू नका, त्या झुळुकीनंही मादी जाळं हलवायला लागते आणि मग तुम्ही कोळ्याची वागणूक लिहिताय की स्वतःमुळे झालेली गडबड, हे कळत नाही. पोचल्यावर पहिली पाच मिनिटं काहीही लिहू नका, तिला सवय होऊ द्या.

कोणती मादी कोणती हे कसं लक्षात ठेवायचं? तिच्या अंगावर रंग लावायची गरज नाही. जाळ्यापासून हातभर लांबच्या फांदीला रंगीत लोकरीचा तुकडा बांधा आणि त्याला नंबर द्या. अर्जिओपी माद्या बरेचदा पुष्कळ दिवस जवळपास त्याच जागी जाळं विणत राहतात. जागा बदलली तर तेही लिहा, कुठून कुठे, आणि नक्की तीच आहे असं ठरवायला आधार काय तेही.

आता काय बघायचं. नागमोडी नक्षी घ्या. पूर्ण फुलीत चार हात असतात, पण रोज चारच काढते असं नाही, कधी दोन, कधी एक, कधी काहीच नाही, आणि लहान पिल्लं तर मध्यावर गोल चकती काढतात. ही नक्षी कशासाठी यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही: किडे तिच्याकडे ओढले जातात असं काही म्हणतात, पक्ष्यांना जाळं दिसावं म्हणून असं काही, शिकाऱ्यापासून लपायला किंवा मोठं दिसायला असं आणखी कोणी. यात तुम्हीही भर घालू शकता. रोज सकाळी एकाच वेळी प्रत्येक जाळ्यावरचे हात मोजा, सोबत वारा, आदल्या दिवशी शिकार मिळाली का, कात टाकली का, एवढं लिहा. सीझनभराचा असा तक्ता कुठल्याही कॉलेज प्रोजेक्टला पुरेसा आहे.

दुसरं, शिकार. नाकतोडा किंवा माशी अडकली की अर्जिओपी आधी मागच्या पायांनी धाग्याचा पट्टा फेकत तिला गुंडाळते आणि मग चावते. पण पनामातल्या अर्जिओपी अर्जेन्टाटा या जातीवर १९६० च्या दशकात झालेल्या कामात दिसलं की फुलपाखरू किंवा पतंग असेल तर क्रम उलटा, आधी चावा आणि मग गुंडाळणं. फुलपाखराच्या पंखावरचे खवले सुटतात आणि ते जाळ्यातून निसटू शकतं, म्हणून घाई. आपल्या कुंपणावरची अनासुजा हेच करते का? हे "वाचलं" रकान्यातलं वाक्य "पाहिलं" रकान्यात येतं का ते बघणं म्हणजे संशोधन. मात्र स्वतः किडे पकडून जाळ्यात टाकू नका, निदान पहिल्या सीझनला तरी, नैसर्गिक काय होतं ते आधी कळू द्या.

तिसरं, पाहुणे. मोठ्या जाळ्यात कधीकधी चंदेरी थेंबासारखे अगदी बारीक कोळी दिसतात, आर्जिरोडस, ते मालकिणीच्या जाळ्यात राहून तिच्या शिकारीतलं चोरून खातात. आणि शत्रू म्हणून कुंभारीण माशी. भिंतीवर मातीची घरं करणारी ही गांधीलमाशीची नातलग कोळ्यांना डंख मारून बधिर करते आणि आपल्या अळ्यांसाठी मातीच्या घरात भरून ठेवते. तुमच्या भागातल्या गोठ्याच्या भिंतीवर अशी घरं असतील तर त्याचीही नोंद घ्या, एखादी मादी अचानक गायब झाली तर तो एक संभाव्य धागा आहे. संभाव्य, म्हणजे तिसऱ्या रकान्यात.

नर आला की जागेवरून हलू नका. तो कडेनं एक धागा जोडतो आणि त्यावर थरथर करून मादीला खूण देतो, जमलं तर मीलन होतं, आणि मादी त्याला खाऊनही टाकू शकते. मोबाईलवर व्हिडिओ घ्या, नंतर हळू चालवून बघा.

पायरी तिसरी: राहण्याची जागा

"झुडपात राहतो" एवढं लिहून भागत नाही. प्रत्येक जाळ्यासाठी झाडाचं नाव, म्हणजे घाणेरी, करवंद, मेहंदी, घायपात, गवत, जे असेल ते, जाळ्याच्या मध्याची जमिनीपासून उंची, उभा आणि आडवा व्यास, जाळ्याचं तोंड कुठल्या दिशेला, ऊन किती वेळ पडतं आणि पाणी किती लांब आहे हे लिहा. तापमान आणि आर्द्रता छोट्या डिजिटल मीटरनं जाळ्याजवळ मोजा, मोबाईलचं ॲप अख्ख्या शहराचं सांगतं, कुंपणाच्या आतलं नाही.

मग तुलना करा, कारण एका जागेचे आकडे एकटे काही बोलत नाहीत. नाशिकला यासाठी फार छान सोय आहे. पूर्वेला निफाडच्या आणि उत्तरेला दिंडोरीच्या द्राक्षबागा, पश्चिमेला त्र्यंबकचे ओले डोंगर, मध्ये शहरातल्या बागा आणि गोदाकाठ. ५० मीटरची एक पट्टी द्राक्षबागेच्या ओळीत आणि तेवढीच बांधावरच्या कुंपणात आखा, दोन्हीकडे सारखाच वेळ, सारखीच माणसं, जमलं तर एकाच सकाळी. काहीच सापडलं नाही तर शून्य लिहा, पान कोरं सोडू नका, कोरं पान म्हणजे बघितलंच नाही असा अर्थ होतो.

द्राक्षबागेत काम करायचं तर शेतकऱ्याला आधी भेटा, चहा घ्या, काय करायचंय ते समजावून सांगा. खरड छाटणी एप्रिलच्या आसपास आणि फळछाटणी साधारण ऑक्टोबरला, म्हणजे नेमकं कोळ्यांच्या भरात असण्याच्या काळात वेलीवरची सगळी पानं जातात आणि त्यानंतर फवारण्या सुरू. निर्यातीच्या बागांना फवारणीची नोंदवही ठेवावीच लागते, दादांना विनंती करून त्यातल्या तारखा आणि औषधांची नावं उतरवून घ्या. तुमच्या तक्त्यातला कोळ्यांचा आकडा एखाद्या आठवड्यात एकदम पडला तर कारण त्या वहीत सापडू शकतं. फवारणी झालेल्या बागेत लगेच शिरू नका, शेतकरी सांगेल तेवढे दिवस थांबा.

वर्षाचं कॅलेंडर साधारण असं: जूनच्या पावसानंतर पिल्लं दिसू लागतात, सप्टेंबर ते नोव्हेंबर मोठ्या माद्या, त्याच काळात जाळ्याजवळ कागदासारखे चपटे अंड्यांचे कोष लटकलेले दिसतात, उन्हाळ्यात शुकशुकाट. तुमच्या जागेचं कॅलेंडर वेगळं निघू शकतं, निघालं तर तीच तुमची कमाई.

परवानगी आणि जीव सांभाळणं

रस्त्याकडेची झुडपं किंवा ओळखीच्या शेतात नुसतं बघणं, फोटो काढणं यात अडचण नाही. पण अंजनेरी, बोरगडसारखी राखीव संवर्धन क्षेत्रं किंवा नांदूरमधमेश्वर अभयारण्य, जे जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, तिथं नियमित अभ्यास करायचा तर वनविभागाला विचारूनच. कोळी पकडून नेणं, मारून बाटलीत ठेवणं हे आपल्यासारख्यांचं काम नाही, तशी गरज पडलीच तर कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागामार्फत परवानगी काढून, आणि नमुना पुण्याला आकुर्डीच्या प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रासारख्या ठिकाणीच जायला हवा.

सिग्नेचर कोळ्यापासून माणसाला धोका नाही, तरी हातात घेऊ नका, त्याचा पाय तुटतो. धोका दुसरीकडून आहे. निफाड-दिंडोरीकडे उसाच्या कडेला बिबट्या असतो, पहाटे किंवा अंधारात एकट्यानं जाऊ नका, वाकून बसल्यावर तर मागे कोण आहे ते कळत नाही, म्हणून एकानं बघायचं आणि एकानं उभं राहून लक्ष ठेवायचं. गवतात घोणस, दगडी टेकडीवर फुरसं, त्यामुळे गमबूट हवेतच. कुंपणात हात घालण्याआधी काठीनं चाचपून बघा आणि गांधीलमाश्यांचं पोळं नाही ना तेही.

नोंदींचं पुढं काय

दर आठवड्याला वही एक्सेलमध्ये चढवा, साठवून ठेवू नका. एक ओळ म्हणजे एक जाळं, एक तारीख. वेळ किती लागला आणि किती जण होते यासाठी वेगळे कॉलम ठेवा, नाहीतर चार माणसांनी शोधलेला आकडा एका माणसाच्या आकड्याशेजारी बसतो आणि तुलना खोटी होते. फोटोंना नाव देताना तारीख, जागा आणि लोकरीचा नंबर टाका.

मग आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर नोंदी टाका, पाचही फोटो एकाच नोंदीत, वर्णनात झाड, उंची, जाळ्याचा व्यास लिहून. कोणी वेगळं नाव सुचवलं तर का ते विचारा, कुठला अवयव बघून सांगितलं ते विचारा, इथंच सगळ्यात जास्त शिकायला मिळतं. टॅरँट्युलासारखी विकली जाणारी जात सापडली तर नेमकी जागा लपवून ठेवा, यांचा चोरटा व्यापार चालतो, म्हणूनच पोइसिलोथेरिया हा झाडावरच्या टॅरँट्युलांचा वंश २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आणणाऱ्या सायटीस कराराच्या यादीत गेला.

पहिला सीझन संपला की लोकरीचे तुकडे काढून घ्या, फक्त ज्या फांद्यांवर अंड्यांचे कोष लटकलेत तेवढ्याच खुणा राहू द्या. एकेका कोषात शेकड्यांनी अंडी असतात, आणि तो फुटला कधी, की परजीवी माशीनं भोक पाडलं, की कुंपण छाटताना गेला, हे फेब्रुवारीपासून पंधरा दिवसांनी एक चक्कर मारून बघता येतं. मालकाला कुंपणाची छाटणी कधी आहे ते आधीच विचारून ठेवा.